बिनझिलईच्या खापरांवर पांढरा थर आणि ‘पूर्वमध्ययुगीन’ अशी जुनी चिठ्ठी: सुरुवात कुठून करायची?

खापरखोली

नागपुरातल्या एका कॉलेजच्या छोट्या संग्रहालयातला प्रश्न आहे. तीन सागवानी ड्रॉवर आणि त्यांत मिळून ३४० खापरं. सगळी बिनझिलईची, म्हणजे वर काचेसारखा थर नसलेली. बहुतेक तांबडी, चाळीसेक काळी. सोबतच्या चिठ्ठ्यांवर शाईनं एवढंच लिहिलंय: ‘पूर्वमध्ययुगीन, रामटेक परिसर, जमिनीवरून वेचलेली’. निम्म्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या आहेत.

अडचणी अशा. साठ-सत्तर तुकड्यांवर पांढरी भुकटी येते. ब्रशनं झटकली की जाते, पावसाळा संपला की परत दिसते. सहा-सात भांडी कोणीतरी अरल्डाइटनं जोडली आहेत आणि त्यातल्या दोघांचा काठ सरळ बसलेला नाही. जुने क्रमांक नेलपॉलिशवर घातलेत, ते पापुद्र्यासारखे सुटतायत. आणि काही काळी खापरं इतकी चकचकीत आहेत की ती झिलईचीच वाटतात.

सगळी एकदा स्वच्छ धुऊन नव्यानं क्रमांक घालावेत, असं ठरत होतं. त्याआधी या चर्चामंचावर विचारतोय. शिवाय ‘पूर्वमध्ययुगीन’ हे नव्या नोंदवहीत तसंच उतरवायचं का?

कन्हानकाठ

धुणं आधी थांबवा. पांढरं काय आहे ते कळल्याशिवाय एकही तुकडा पाण्यात घालू नका.

पांढऱ्या थराचे साधारण चार प्रकार असतात: विरघळणारे क्षार, चुनखडी, बुरशी आणि लाकडाच्या वाफेनं तयार झालेले क्षार. ओळखायची रीत सोपी आहे. स्काल्पेलच्या टोकानं चिमूटभर भुकटी काचेच्या पट्टीवर घ्या. खापरावर चाचणी करायची नाही. पट्टीवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब टाका. भुकटी विरघळली तर क्षार. नाही विरघळली तर १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. फसफसली तर चुनखडी. काळ्या मातीत चुनखडे असतातच, त्यामुळे आपल्याकडच्या खापरांवर असा कडक, चिकटलेला थर नेहमीचा. पण तो झटकून जात नाही आणि गेला तर परत येत नाही. तुमचा परत येतोय, म्हणजे बहुधा तो नव्हे. बुरशी १० पटीच्या भिंगाखाली तंतूंसारखी दिसते, वासही येतो.

परत येणारी भुकटी म्हणजे क्षार, आणि त्यांना नागपूरची हवा फार मानवते. मिठाचा हिशोब बघा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. जुलै-ऑगस्टात आपण ही रेषा रोज ओलांडतो आणि मेच्या दुपारी हवा पार २०-२५ टक्क्यांवर येते. प्रत्येक वेळी स्फटिक खापराच्या छिद्रांत फुगतो आणि वरचा लेप (भांड्यावर दिलेला पातळ मातीचा हात) आतून ढकलतो. भुकटीत तांबडा कण मिसळलेला दिसला तर समजा की लेप निघायला लागला. त्या खोलीत उन्हाळ्यात डेझर्ट कूलर चालतो का? दिवसा चालू, रात्री बंद असं असेल तर हेच फक्त पावसाळ्यात होण्याऐवजी उन्हाळ्यातही रोज होतं.

सागवानी ड्रॉवरकडेही संशयानं बघा. लाकूड, प्लायवुड आणि त्यांचे गोंद यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते. ज्या खापरात चुना आहे आणि जमिनीतले क्लोराइड-नायट्रेट आहेत, त्यावर बंद ड्रॉवरमध्ये ॲसेटेटचे रेशमी, बारीक केसांसारखे स्फटिक उगवतात. साध्या मिठाचा थर दाणेदार किंवा पिठूळ असतो. भिंगाखाली केस दिसले तर धुण्याआधी ड्रॉवर बदला, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा तेच. संत्र्याच्या पेट्यांत ठेवायची आपल्याकडची सवयही त्याच कारणानं वाईट. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी रॅक आणि पॉलिथिनचे ट्रे बरे.

कन्हानकाठ

क्षार काढायची पद्धत वेगळी लिहितो, घाईत करायचं काम नाही.

पहिली चाचणी भाजणीची. मोडलेल्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभरानं बोट फिरवा. बोटाला चिखल लागला तर तो तुकडा कच्चा भाजलेला आहे. पाण्यात घातलात तर विरघळून गाळ होईल. असे तुकडे कोरडेच ठेवायचे. दुसरी चाचणी लेपाची: ओला कापूस कोपऱ्यावर हलका दाबून बघा, रंग उतरला तर तोही बाजूला.

उरलेल्यांतला एकच तुकडा आधी करून बघा. प्लास्टिकच्या डब्यात तुकड्याच्या निदान पाचपट डिस्टिल्ड वॉटर. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी चालतं, पण आधी कंडक्टिव्हिटी मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारं यंत्र) तपासून घ्या. दर २४ तासांनी वाचन लिहायचं आणि पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी आकडा वर जातो, मग उतरत जातो. लागोपाठ दोन बदलांत आकडा जवळजवळ सारखा आणि कोऱ्या पाण्याच्या थोडाच वर राहिला की थांबा. क्लोराइड उरलंय का ते बघायचं तर परीक्षानळीत ५ मिली पाणी, त्यात पातळ नायट्रिक ॲसिडचे २-३ थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे २-३ थेंब. दह्यासारखं पांढरं फुटलं तर अजून आहे. नायट्रिक विसरलात तर चुनखडीमुळेही पांढरं दिसतं आणि माणूस आठवडाभर उगाच पाणी बदलत बसतो. सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी होतात, हातमोजे घाला.

वाळवायचं सावलीत, जाळीवर, पंख्याशिवाय. उन्हात टाकलं की उरलेले क्षार झपाट्यानं पृष्ठभागावर धावतात आणि नेमका लेपच उडतो. घासणं फक्त मऊ ब्रशनं आणि सपाट अंगावर. मोडीच्या कडा घासू नका. तिथली धार गोल झाली की पुढे जोड बसत नाही.

दहा-पंधरा तुकडे, विशेषतः हंडीच्या बुडाचे आणि काजळी असलेले, अजिबात न धुता ॲल्युमिनियम फॉइलमध्ये वेगळे ठेवा. खापराच्या छिद्रांत शिरलेल्या तेला-तुपाचे अंश पुढे कुणी तपासले तर तेच उपयोगी पडतील. काजळी म्हणजे घाण नव्हे, ती स्वयंपाकाची नोंद आहे.

बर्डीकर

चिठ्ठी बरोबरच असावी भाऊ. रामटेकच्या बाजूच्या खापरात अभ्रक चमकतं ना? अभ्रक म्हणजे वाकाटक राजवटीनंतरचं. आणि काळी चकचकीत खापरं झिलईची असतील तर ती बाजूला काढा, ती मुसलमानी अमलातली.

जुनापाणी

दोन्ही मुद्दे तपासून घ्यावे लागतील.

अभ्रक आधी. विदर्भातल्या महापाषाणीय (मोठ्या दगडांची दफनं करणाऱ्या लोकांच्या) स्थळांवर, टाकळघाट-खापा असो की माहुरझरी, काळ्या-तांबड्या खापरांच्या जोडीला अभ्रकमिश्रित तांबडी खापरं भरपूर मिळतात. तो काळ इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. वाकाटक काळातही अभ्रक आहे, नंतरही आहे. कारण कुंभार माती घेतो ती घराजवळची, आणि नागपूरच्या उत्तर-पूर्वेला अभ्रकाचे शिस्ट, नाइस असे खडक आहेत. पश्चिमेला बेसाल्ट सुरू होतो. म्हणून अभ्रक दिसलं तर ‘माती बहुधा इकडचीच’ एवढं म्हणता येईल, काळ नाही. एक पाहा मात्र: अभ्रक मोडीत आतपर्यंत विखुरलेलं आहे की फक्त वरच्या कातडीवर? फक्त वर असेल तर ते लेपातून मुद्दाम लावलेलं आहे. ही दोन वेगळी तंत्रं आहेत, नोंदवहीत एकाच शब्दात कोंबू नका.

आता चकाकी. झिलई म्हणजे काच. मोडीत भिंगानं पाहिलं तर ती मातीवर बसलेला वेगळा काचेरी थर दिसते, त्यात बारीक बुडबुडे, कधी जाळीसारख्या भेगा, आणि पाण्याचा थेंब त्यावर तसाच बसून राहतो. घोटलेल्या भांड्यावर वेगळा थर दिसतच नाही. तिरप्या उजेडात धरा, गोट्यानं घासल्याच्या समांतर पट्ट्या दिसतील, आणि थेंब हळूहळू मुरतो. काळेपणा धुराच्या भाजणीचा. भट्टीत शेवटी हवा कोंडली की कार्बन मातीत शिरतो. काजळी मात्र बाहेरूनच असते, मोडीत उतरत नाही. तुमची चाळीस काळी खापरं घोटलेली निघतील, असा माझा अंदाज.

आणि बिनझिलईचं असणं यावरून काळ ठरत नाही. उन्हाळ्यात रस्त्याकडेला विकायला बसतो तो माठही बिनझिलईचा, नाहीतर पाणी गार होणार कसं? जमिनीवरून वेचलेल्या ढिगात गेल्या शंभर वर्षांतले माठाचे तुकडे हमखास असतात.

खापरखोली

चाचण्या केल्या. भुकटी पाण्यात विरघळते, भिंगाखाली दाणेदार आहे, केस नाहीत. कूलर आहे, बंद करून घेतला. काळ्यांपैकी ३८ वर थेंब मुरला. २ वर मुरला नाही आणि मोडीत हिरवट काचेरी थर आहे, ती वेगळी ठेवली.

मग काळ कशावरून लिहायचा?

जुनापाणी

काठावरून आणि घडणीवरून, तेही उत्खननातल्या जमिनीच्या थराशी ताडून. एकट्या खापरावरून नाही. आपल्याकडे पूर्वमध्ययुगीन म्हणजे ढोबळमानानं इसवी सन ६०० ते १२००: वाकाटक संपल्यावर राष्ट्रकूट, मग यादव. या काळाची विदर्भातली साधी घरगुती खापरं आधीच्या परंपरेतून इतकी सलग येतात की ‘हे दिसलं की पूर्वमध्ययुगीन’ अशी एक खूण नाही. ज्याला ती सापडलीय असं वाटतं, त्यानं बहुधा एकच स्थळ पाहिलेलं असतं.

तुकडे आधी चार ढिगांत करा: काठ, बूड, तोटी-मूठ-झाकण अशी खास अंगं, आणि नुसतं पोट. काळासाठी पहिले तीन कामाचे. पोटाच्या तुकड्यांची फक्त मातीनुसार मोजणी आणि वजन.

मातीसाठी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावरून पक्कडीनं ३-४ मिमीचा ताजा टवका काढावा लागतो, कारण जुन्या मोडीवर मळ असतो. पण संग्रहालयाची लेखी परवानगी आधी, आणि ज्या कडेनं जोड लागू शकतो ती कड सोडून. भिंगाखाली बघायचं: गारगोटीचे कण गोल की टोकदार (गोल म्हणजे बहुधा नदीची वाळू), अभ्रक, भुशाच्या जळालेल्या लांबट पोकळ्या, कुटलेलं जुनं खापर. काळ्या मातीचं भांडं वाळताना फार आकसतं आणि तडकतं, म्हणून कुंभार त्यात वाळू, राख, लीद घालतो. तुकड्यात भुशाच्या पोकळ्या जास्त असतील तर ते स्वस्त भांडं असं लगेच लिहू नका, मातीची गरज असू शकते. मोडीत मधोमध काळा पट्टा असेल तर भाजणी कमी वेळ झाली, आतला सेंद्रिय अंश जळायचा राहिला. रंग मुन्सेल तक्त्यावर (रंगांच्या क्रमांकित नमुन्यांचं पुस्तक), सकाळच्या उजेडात, कोरड्या तुकड्याचा. ट्यूबलाइटखाली तांबडं भलतंच दिसतं.

पृष्ठभागावर खळगा आणि तळाशी पांढरा ठिपका दिसला तर तो क्षारांचा नाही. मातीतला चुनखडा भट्टीत भाजून चुना झाला आणि नंतर ओल पिऊन फुगला, त्यानं कपचा उडवला. भांडं नवं असतानाचीच खोड ती.

घडणीबद्दल एक इशारा. आतल्या बाजूला ३-५ सेंमीचे उथळ दाब दिसतात ते आतून गोटा धरून बाहेरून थापीनं ठोकल्याचे. काठ-गळ्यावर मात्र चाकाच्या समांतर रेषा. त्यामुळे एकाच हंडीचे दोन तुकडे ‘हातानं घडवलेलं’ आणि ‘चाकावरचं’ असे दोन रकान्यांत जातात. ही चूक छापील तक्त्यांतही दिसते.

ताडून बघायला वर्ध्याजवळच्या पवनारचं १९६७ चं उत्खनन नागपूर विद्यापीठाचंच आहे, आणि मनसर, नगरधन तर रामटेकच्याच पट्ट्यातली. अहवालातल्या काठाच्या छेदाशी (उभा कापल्यावर दिसणारा आकार) तुमचा छेद जुळवा, नुसता फोटो लावू नका. जुळला तर नोंद अशी: ‘आकार अमुक स्थळाच्या अमुक थरातल्या काठासारखा’. नाही जुळला तर काळाचा रकाना रिकामा. ‘पूर्वमध्ययुगीन’ हा शब्द ‘जुन्या चिठ्ठीवरील मजकूर’ या वेगळ्या रकान्यात जशाचा तसा उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. अर्धवट खाल्लेल्या चिठ्ठ्याही फोटो काढून पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. चिठ्ठी चुकीची असली तरी कोणतं खापर कशासोबत आलं ते तिच्याशिवाय कळणार नाही.

वैनगंगा_तीर

काठांचं मोजमाप: कागदावर दर १ सेंमीनं वाढणारी एककेंद्री वर्तुळं आणि त्यांवर ५ टक्क्यांचे भाग पाडा. काठ पालथा सपाट काचेवर ठेवायचा आणि डोळा काचेच्या पातळीत आणायचा. काठाखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत तुकडा कलता करा. तोच भांड्याचा मूळ कल. मग वर्तुळांवर बसवून व्यास आणि टक्के वाचा. ५ टक्क्यांहून लहान तुकड्याचा व्यास लिहू नका, त्यात २-३ सेंमीची चूक सहज होते.

टक्के कशाला? एकाच प्रकारचे तीन काठ १२, ९ आणि १५ टक्के असतील तर बेरीज ३६, म्हणजे ०.३६ भांडं. नुसती मोजणी केली तर मोठा रांजण फुटून ५० तुकडे होतात आणि वाटीचे ४, मग संग्रहात रांजणच रांजण होते असं वाटतं. मोजणी, वजन, टक्के हे तीनही ठेवा. चित्रात डावीकडे छेद, उजवीकडे बाहेरचं अंग, मध्ये उभी रेषा, आणि व्यास खात्रीचा नसेल तर आडवी रेषा तुटक.

धूपदाणी

क्रमांक आणि जोड यांबद्दल.

नेलपॉलिश हे नायट्रोसेल्युलोज. ते पिवळं पडतं, आकसतं आणि सुटताना लेपाची साल घेऊन सुटतं. त्याच्याऐवजी पॅरालॉइड बी-७२, ही ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळणारी ॲक्रिलिक राळ. खडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये टांगा. बुडाशी टाकले तर गोळा होऊन बसतात. १०० मिलीला १५ ग्रॅम, रात्रभर. पुरचुंडी रिकामी झाली की तयार.

जागा: आतल्या अंगावर, सपाट भागात, ८ बाय १५ मिमीचा पट्टा. मोडीवर नाही, काठावर नाही, काजळीवर नाही. आणि फॉइलमधल्या न धुतलेल्या तुकड्यांवर तर नाहीच, तिथे क्रमांक पाकिटावर. पट्टा २० मिनिटं वाळू द्या, ०.३ च्या पेननं काळी इंडिया इंक, तासभर थांबून वर दुसरा हात. वरचा हात एकाच फटक्यात. ब्रश मागे-पुढे केला की शाई फिसकटते. व्हाइटनर नको, काळ्या खापरावर पांढरी शाई घ्या. क्षार काढायच्या तुकड्यांवर आधी क्रमांक घालायचा नाही, पट्ट्याखाली क्षार अडकतो. तोवर टॅग बांधा.

नागपुरात दोन वेळा टाळा. मेच्या दुपारी ॲसिटोन ब्रशवरच उडतं आणि तारा सुटतात. सकाळी ९ च्या आत उरका. पावसात उलट: ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पट्टा दुधट होतो.

जुने क्रमांक पुसण्याआधी फोटो, आणि नव्या नोंदीत जुना क्रमांक शेजारी. मगच ॲसिटोनचा बोळा.

अरल्डाइटचे जोड: इपॉक्सी विरघळत नाही, ॲसिटोननं फार तर फुगून मऊ होतं. जी भांडी सरळ आहेत ती तशीच राहू द्या. वाकड्या दोन भांड्यांच्या जोडावर ॲसिटोनचा ओला कापूस, वर फॉइल, २४ तास, दर काही तासांनी ओला करत. मऊ पडलं तर स्काल्पेलनं. नाही पडलं तर सोडून द्या. ताकदीनं ओढलंत तर गोंद जागचा हलणार नाही, खापर शेजारून नवं मोडेल. आणि हे खोली उघडी ठेवून, गॅस-स्विचपासून लांब.

नवा जोड बी-७२ नं करतात, पण त्याचं मऊ पडायचं तापमान सुमारे ४० अंश. आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलमध्येच ते गाठलं जातं आणि जड भांड्याचा जोड हळूहळू घसरतो. त्यात बी-४४ ही त्याच जातीची राळ मिसळतात, त्याचं ६० च्या आसपास आहे. नाहीतर जोडूच नका: तुकडे शेजारी-शेजारी, मागे पुठ्ठ्यावर पूर्ण भांड्याची आकृती, बघणाऱ्याला तेवढं पुरतं. प्लास्टर ऑफ पॅरिस भरायचंच असेल तर आधी कडांना बी-७२ चा हात द्या, नाहीतर प्लास्टरचं सल्फेट खापरात उतरतं आणि पांढरी भुकटी पुन्हा सुरू.

खापरखोली

एक शेवटचं. संचालकांचं म्हणणं आहे की थर्मोल्युमिनेसन्स (खापर तापवून निघणाऱ्या उजेडावरून ते कधी भाजलं ते मोजणं) करून घ्या, काळाचा वाद मिटेल.

जुनापाणी

नाही मिटणार. त्या पद्धतीत खापरानं दरवर्षी किती किरणोत्सार घेतला हे लागतं, आणि त्यातला बराच वाटा भोवतालच्या ३० सेंमीतल्या मातीचा. ती माती तुमच्याकडे नाही. वेचलेल्या तुकड्यावर उन्हाचा, वणव्याचा परिणाम वेगळाच. एवढं मिळेल की तुकडा हजारेक वर्षांचा आहे की शंभराचा, आणि त्यासाठी १ सेंमी जाड, ३-४ सेंमी रुंद तुकडा कापून द्यावा लागेल. करायचंच झालं तर ज्याचा काठ पवनार किंवा मनसरशी जुळतोय पण माती संशयास्पद आहे असा एखादाच निवडा, आणि त्याचा एक्स-रे काढू नका. त्या डोसनं वाचन बिघडतं.

कन्हानकाठ

आणि ट्रेमध्ये भरताना: पॉलिथिनच्या झिप पिशवीला पंचनं ४-५ भोकं, आत एक चिठ्ठी पेन्सिलीनं, बाहेर एक. एका ट्रेला ८ किलोच्या वर नाही, थरावर थर नाही. क्षार काढलेले तुकडे पहिलं वर्षभर वरच्या ट्रेमध्ये ठेवा, ऑक्टोबरमध्ये उघडून बघा. भुकटी दिसली तर तेवढेच पुन्हा पाण्यात.

खापरखोली

आज १२ तुकडे पाण्यात घातले. एका तुकड्याच्या कडेला चिखल लागला होता, तो बाजूला ठेवला. पहिल्या दिवसाचा आकडा उद्या टाकतो.